पंपाच्या स्लीव्हवर टंगस्टन कार्बाइडचं एचव्हीओएफ कोटिंग: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

पंपाच्या फिरत्या दांड्यावर चढवलेली नळी म्हणजे शाफ्ट स्लीव्ह. गळती अडवायला तिच्याभोवती आवळलेल्या दोरीखाली, म्हणजे ग्लँड पॅकिंगखाली, खोबणी पडून ती खलास झाली की मेंटेनन्समध्ये हल्ली पहिला सल्ला मिळतो तो 'कार्बाइड मारून घ्या' असा. सल्ला वाईट नाही. पण स्लीव्ह नेमकी कशाने गेली हे न बघता दिलेला असेल, तर तो महागात पडतो. इथे तपासायला घेतली आहे ती जॉबवर्क शॉपकडून सर्रास मिळणारी सेवा: टंगस्टन कार्बाइड ८६, कोबाल्ट १० आणि क्रोमियम ४ टक्के अशी पावडर, एचव्हीओएफ (हाय व्हेलॉसिटी ऑक्सी-फ्युएल) गनने मारलेली, डायमंड व्हीलने ग्राइंड करून ०.२ मिलिमीटर जाडीवर आणलेली, सोबत टेस्ट सर्टिफिकेट.

निकाल आधीच सांगून टाकतो. वाळू, गाळ आणि पॅकिंगचं घासणं यांच्यापुढे या खर्चात याच्या तोडीचं दुसरं काही मिळणं कठीण. गंजापुढे मात्र ही सेवा ज्या रूपात विकली जाते त्या रूपात अर्धवट आहे. ब्रोशरवर झीज आणि गंज हे दोन शब्द जोडीने छापलेले असतात. झिजेचं काम पावडर आणि गन करतात. गंजाचं काम स्लीव्हचा मूळ धातू, सीलर (छिद्रं बुजवणारा पातळ द्रव) आणि कोटिंगचा काठ कुठे संपतो यावर ठरतं, आणि नेमक्या या तीन गोष्टी बहुतेक कोटेशनमध्ये नसतात.

एचव्हीओएफमध्ये केरोसीन, प्रोपेन किंवा हायड्रोजन ऑक्सिजनबरोबर बंद चेंबरमध्ये दाबाखाली जाळतात आणि ज्वाळा ध्वनीपेक्षा जास्त वेगाने नॉझलमधून बाहेर काढतात. १५ ते ४५ मायक्रॉनची पावडर या झोतात पडली की कण सेकंदाला ५०० मीटरच्या वर, चांगल्या गनमध्ये त्याहून बऱ्याच जास्त वेगाने जॉबवर आदळतो. विजेने वायू तापवणारी प्लाझ्मा गन ही दुसरी पद्धत; तिचा गाभा १०,००० अंश सेल्सिअसच्याही पुढे जातो. एचव्हीओएफमध्ये तापमान त्या मानाने कितीतरी कमी आणि वेग कितीतरी जास्त. कार्बाइडला हेच हवं असतं. जास्त तापलं की टंगस्टन कार्बाइडमधला कार्बन जळतो, डब्ल्यू-टू-सी (कमी कार्बनचं टंगस्टन कार्बाइड) आणि कोबाल्ट-टंगस्टनची ठिसूळ संयुगं तयार होतात. अशा कोटिंगचा कठीणपणाचा आकडा फसवा असतो: टोचून पाहिलं तर भरपूर कठीण, पण वाळू लागली की कण सुटायला लागतात. म्हणून नुसता कठीणपणा पाहून शॉप निवडू नये.

नीट मारलेल्या कोटिंगचे आकडे असे असतात: कठीणपणा १,००० ते १,२५० विकर्स (कठीणपणाचं माप, ३०० ग्रॅम भारावर), छिद्रं १ टक्क्याच्या आत, पकड ७० मेगापास्कलच्या वर. हार्ड क्रोम, म्हणजे विजेने चढवलेला क्रोमियमचा थर, ८०० ते १,००० विकर्सवर थांबतं आणि त्यात सूक्ष्म तडे जन्मजात असतात.

आता पावडर किती लागते ते पाहू, म्हणजे कोटेशन कळेल. ८० मिलिमीटर व्यासाची, १५० मिलिमीटर लांबी कोट करायची स्लीव्ह घ्या. क्षेत्रफळ साधारण ३७७ चौरस सेंटिमीटर. फिनिश जाडी एका बाजूला ०.२ आणि ग्राइंडिंगसाठी ०.१, म्हणजे मारायची ०.३ मिलिमीटर. आकारमान ११.३ घन सेंटिमीटर, घनता १३.५ धरली तर जॉबवर बसलेलं कोटिंग सुमारे १५३ ग्रॅम. पावडरीतला ४० टक्केच भाग चिकटतो असं धरलं तर ३८० ग्रॅम, आणि टोकांबाहेर जाणारा मार वेगळा. मिनिटाला ८० ग्रॅम फीड असेल तर गन प्रत्यक्ष पाचेक मिनिटंच जॉबवर असते. बाकी वेळ आणि खर्च मास्किंग (नको तो भाग झाकणं), ब्लास्टिंग (दाण्यांच्या झोताने पृष्ठभाग खरखरीत करणं), थंड होण्याचे थांबे आणि ग्राइंडिंग यांचा. म्हणून एका स्लीव्हचा दर अवाच्या सवा वाटतो आणि एका मँड्रेलवर (जॉब धरायच्या दांड्यावर) चार स्लीव्ह ओवून पाठवल्या की उतरतो. फक्त चौरस इंचावर दर लावणारं शॉप एकट्या छोट्या जॉबवर कुठेतरी हात आखडणार, आणि तो आखडतो तो सहसा तयारीत.

तयारीतली पहिली चूक लेथवरच होते. ८०.०० फिनिश हवं असेल तर अंडरकट (कोटिंगला जागा म्हणून आधी कमी केलेला व्यास) ७९.६० ला, पण त्याआधी स्लीव्ह मँड्रेलवर चढवून डायल लावायला हवा. अंडरकटला एक सेंटर, ग्राइंडिंगला दुसरं असं झालं आणि दोन्हींत ०.०५ मिलिमीटरचं अंतर पडलं, तर एका बाजूला ०.२५ आणि समोरच्या बाजूला ०.१५ कोटिंग उरतं. बाहेरून मायक्रोमीटरला सगळं ८०.०० च दाखवतं. पॅकिंग पुढे त्या पातळ बाजूलाच भोक पाडतं आणि दोष पावडरीवर जातो.

अंडरकटची खांदेपट्टी काटकोनात ठेवू नये. गनची फवारणी सरळ रेषेत जाते, कोपऱ्यात उसळून आलेले अर्धे थंड कण साचतात आणि तिथे कोटिंग भुसभुशीत होतं. ४५ अंशांचा उतार किंवा मोठी त्रिज्या द्यायची. उघड्या काठाला किमान ०.५ मिलिमीटरचा गोलावा किंवा चॅम्फर हवाच. धारदार काठावरचं कार्बाइड स्लीव्ह शाफ्टवर ठोकून बसवतानाच टवका होऊन निघतं. आणि ठोकून बसवायचीच असेल तर आधी तांब्याचा ठोकळा घ्या.

मग तेल काढणं. ओतीव बीडाच्या किंवा जुन्या, तेलात भिजलेल्या जॉबला नुसतं थिनर पुसून भागत नाही; तापवल्यावर छिद्रांतून तेल परत वर येतं. ब्लास्टिंग ॲल्युमिनियम ऑक्साइडने, साधारण २४ ते ३६ मेश (दाण्याचं माप, आकडा मोठा तसा दाणा बारीक), ३ ते ५ बार दाब, झोत काटकोनाच्या जवळ. पातळ भिंतीची स्लीव्ह असेल तर ६० मेश आणि कमी दाब, नाहीतर ती तिथेच वाकडी होते. स्टेनलेसवर लोखंडी ग्रिट किंवा आधी माइल्ड स्टीलवर फिरलेलं ग्रिट वापरलं तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढच्या गंजाची सोय आपणच करून ठेवतो. ग्रिट गोल झालं की ते नुसतं ठोकतं, धार उमटत नाही. शॉपला भेट दिलीत तर गनकडे नंतर बघा. आधी ब्लास्टिंग पॉटमधलं ग्रिट मुठीत घेऊन बघा. तिथे शॉपची परीक्षा होते.

ब्लास्ट झालेला जॉब उघड्या हाताने धरायचा नाही आणि दोन तासांच्या आत फवारणीला घ्यायचा. जुलैमधल्या कोकणात, मुंबईत हे दोन तासही जास्त होतात. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा जॉबचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर नसेल, तर थांबलेलं बरं. ८० ते १०० अंशांपर्यंत हलकं गरम करून ओल घालवतात, तेही ज्वाळा एका जागी न धरता.

फवारणीत सांभाळायची मुख्य गोष्ट उष्णता. जॉब १५० अंशांच्या आत ठेवायचा, दोन्ही बाजूंनी हवेचे झोत आणि तापमानमापक सतत लावलेला. पृष्ठभागाचा वेग मिनिटाला ६० ते १०० मीटर, दर फेरीला ५ ते १२ मायक्रॉनचा थर, गन काटकोनात. कोन ६० अंशांच्या खाली गेला की छिद्रं वाढतात, ४५ च्या खाली मारूच नये. केरोसीन गनची झेप मोठी आणि काम झपाट्याने होतं, पण ती जॉबमध्ये उष्णताही भरपूर ओतते. १०० मिलिमीटरच्या खालच्या पातळ स्लीव्हला माझी पसंती नीट सांभाळलेल्या गॅस गनला. मोठे रोल, प्लंजर, टर्बाइनचे भाग असतील तर केरोसीन गनच बरी. पोकळ जागेच्या आतली बाजू मात्र विसरा: जॉब आणि गन यांच्यात साधारण पाव मीटर किंवा जास्त अंतर लागतं, लहान बोअरमध्ये ते मिळत नाही. तिथे हार्ड क्रोम अजून टिकून आहे ते याच कारणाने.

आता खऱ्या मुद्द्यावर, गंजावर.

१ टक्का छिद्रं हा आकडा ऐकायला छान. पण त्यातली काही छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात आणि खालच्या धातूपर्यंत पोहोचतात. मूळ स्लीव्ह ४१० ग्रेडच्या स्टेनलेसची असेल आणि पाणी खारं असेल तर क्लोराइड त्या वाटेने आत शिरतो. कार्बाइडचं कोटिंग विद्युतरासायनिक दृष्ट्या स्टीलपेक्षा वरचढ असतं, म्हणजे गंजायचं काम खालच्या स्टीलवर येतं. वर कोटिंगचा मोठा कॅथोड, खाली छिद्राच्या तोंडाएवढा इवलासा ॲनोड; सगळा विद्युतप्रवाह त्या टिंबावर एकवटतो. कोटिंग नसतं तर स्लीव्ह सगळीकडून थोडीथोडी गंजली असती. कोटिंग असल्यामुळे ती एका जागी खोल गंजते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त, त्यामुळे फोड वर येतो, फुटतो, आणि त्याच्या कडांचे कार्बाइडचे तुकडे पॅकिंगमध्ये अडकून उरलेली स्लीव्ह आणि पॅकिंग दोन्ही फाडतात.

यावर उपाय तीन, आणि ते याच क्रमाने करावेत. पहिला, मूळ धातूच असा घ्या की तो त्या पाण्यात उघडा ठेवला तरी तगेल: साध्या पाण्याला ४१० चालेल, खाऱ्याला किमान ३१६, समुद्राच्या पाण्याला डुप्लेक्स (हेही स्टेनलेसचेच प्रकार). कोटिंगने झीज सांभाळायची, गंज धातूने. दुसरा, सीलर. पातळ, खोल शिरणारा इपॉक्सी किंवा फिनॉलिक सीलर फवारणी संपल्यासंपल्या, जॉब अजून कोमट असताना, हात आणि कूलंट लागायच्या आधी लावायचा. ग्राइंडिंगनंतर लावलेला सीलर बराचसा दिखाऊ. कूलंटचं तेल-पाणी आधीच छिद्रांत बसलेलं असतं. आधी लावलेल्याचा वरचा थर ग्राइंडिंगमध्ये जातो, आतला राहतो. सीलरची तापमानमर्यादा डेटाशीटवर बघा. गरम पंपात सीलर जळून गेला की परत मूळ पदावर. तिसरा उपाय काठाचा: कोटिंग ओल्या भागात मध्येच संपू देऊ नका. चॅम्फरवरून वळवून ते ओ-रिंगच्या पलीकडे, कोरड्या बाजूला न्या. काठ ओल्यात राहिला तर गंज तिथून आत सरपटतो आणि कोटिंग नळीसारखं सुटून येतं.

३१६ घेताना एक अडचण लक्षात असू द्या. तापल्यावर ३१६ कार्बाइड कोटिंगच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. थंड पाण्याच्या पंपात काही बिघडत नाही. गरम तेल किंवा कंडेन्सेटच्या पंपात कोटिंग ताणलं जाऊन उभे तडे जातात. तिथे जाडी ०.१५ पर्यंत उतरवा किंवा कमी प्रसरणाचा धातू निवडा.

पावडरीची निवडही इथेच ठरते. कोबाल्ट १२ टक्के आणि क्रोमियम शून्य अशी पावडर स्वस्त पडते आणि कोरड्या घर्षणाला उत्तम, पण आम्लधर्मी पाण्यात कोबाल्टच विरघळतो. कार्बाइडचे दाणे उघडे पडतात आणि एकेक करून सुटतात. ४ टक्के क्रोमियम असतं ते यासाठी. तरीही तीव्र आम्लाला हे कोटिंग नाही. सर्टिफिकेटवर 'टंगस्टन कार्बाइड' एवढंच लिहिलेलं असेल तर ते परत पाठवा, पावडरीचा लॉट नंबर आणि रासायनिक घटक मागा. ५०० अंशांच्या वर टंगस्टन कार्बाइड हवेत जळायला लागतं. बॉयलरच्या नळ्या, गरम व्हॉल्व्ह यांना क्रोमियम कार्बाइड ७५ आणि निकेल-क्रोम २५ ही पावडर, ती ८५० च्या आसपास तग धरते.

ग्राइंडिंगवर बरीच शॉप पैसे वाचवतात, आणि चांगलं मारलेलं कोटिंग इथे बिघडतं. सिलिकॉन कार्बाइडचं हिरवं व्हील लावलं की ते कापत नाही, रगडतं. पृष्ठभाग तापतो, जाळीदार बारीक तडे पडतात, दाणे उपटले जातात. रेझिन बाँडचं डायमंड व्हील हवं, रफिंगला १२० ते १८० ग्रिट, फिनिशला ३२० ते ४००, दर पासला ०.००५ ते ०.०१ मिलिमीटर, कूलंट धो धो. पॅकिंगखाली ०.२ ते ०.४ मायक्रॉन आरए (पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचं माप) पुरे. मेकॅनिकल सीलच्या किंवा हायड्रॉलिक रॉडच्या जागी त्याहून खाली, सुपरफिनिशिंग करून न्यावं लागतं, कारण कार्बाइडची टोकं मऊ होत नाहीत, ती रबराचं सील खात राहतात. अरॅमिड पॅकिंग स्लीव्हला घासून खातं. कार्बाइडवर ग्रॅफाइट-पीटीएफई बरं. आणि ग्लँडमधून थेंब गळू द्यावे लागतात. गळती नको म्हणून ग्लँड करकचून आवळला तर कोरड्या घर्षणाने तडकलेली स्लीव्ह शॉपला दाखवून काही उपयोग नाही.

सर्टिफिकेटचं वाचन हा या सेवेतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. पकड मोजायची ती एएसटीएम (अमेरिकी मानक संस्था) सी ६३३ या पद्धतीने: २५.४ मिलिमीटर व्यासाच्या ठोकळ्यावर कोटिंग मारून, गोंदाने दुसरा ठोकळा चिकटवून ओढायचं. '७० मेगापास्कलपेक्षा जास्त' असं लिहिलेलं असेल तर बहुधा गोंदच तुटला, कोटिंगची खरी पकड मोजलीच गेली नाही. एवढ्यावर नाराज व्हायचं कारण नाही, पण '७२' असलेलं शॉप '७०' वाल्यापेक्षा सरस, असा निष्कर्ष काढू नका. या चाचणीला ०.३८ मिलिमीटरहून जाड कोटिंग लागतं, नाहीतर गोंद छिद्रांतून खाली झिरपून निकाल फुगवतो. आपली स्लीव्ह ०.२ ची, म्हणजे ठोकळा वेगळा मारलेला असणार. तो त्याच दिवशी, त्याच लॉटच्या पावडरीने, त्याच सेटिंगवर मारला की सहा महिन्यांपूर्वीचा झेरॉक्स जोडला, हे विचारायला लाजू नका.

कठीणपणाला दहा ठिकाणच्या नोंदींची सरासरी द्यायची पद्धत आहे. सरासरीबरोबर सगळ्यात खालचा आकडा मागा. सरासरी १,१५० आणि किमान ७८० असेल तर कोटिंगात कुठेतरी न वितळलेले किंवा सैल पट्टे आहेत. छिद्रांची टक्केवारी कापून पॉलिश केलेल्या नमुन्यावर मोजतात, आणि ती पॉलिश करणाऱ्याच्या हातावरही ठरते: घाईत घासलं तर दाणे निघून छिद्रं जास्त दिसतात, मऊ धातू ओढला गेला तर कमी. फोटो मागा. कोटिंग आणि धातूच्या सीमेवर अडकलेलं काळं ग्रिट फोटोत स्पष्ट दिसतं.

झिजेसाठी एएसटीएम जी ६५, म्हणजे कोरडी वाळू आणि रबरी चाक. पद्धत ए असेल तर भार १३० न्यूटन, चाकाचे ६,००० फेरे. निकाल घन मिलिमीटरमध्ये हवा, ग्रॅममध्ये नको: कार्बाइडची घनता स्टीलच्या पावणेदोन पट, वजनात तुलना केली की कोटिंगवर अन्याय होतो. ही चाचणी आणि पंपातली ओली झीज एक नव्हे, पण दोन शॉपमध्ये डावं-उजवं करायला उपयोगी. सॉल्ट स्प्रेचे तास, म्हणजे एएसटीएम बी ११७, ५ टक्के मीठ, ३५ अंश, यावर मात्र मी निर्णय घेणार नाही. त्यावरून छिद्रं आरपार आहेत का एवढं कळतं, आणि त्यासाठीसुद्धा नमुना तुमच्याच मूळ धातूचा हवा. शॉपने ३१६ वर मारून 'गंज नाही' दाखवलं तर त्यात कोटिंगची काय कामगिरी?

निकामी झालेली स्लीव्ह फेकू नका, ती सगळं सांगते. मोठी खपली निघून खाली स्वच्छ, करडा धातू असेल तर ब्लास्टिंग किंवा तापमानाचा दोष, शॉपचा. फोड आणि त्याखाली तपकिरी पूड असेल तर छिद्रं आणि धातूची निवड, म्हणजे बहुतेक वेळा ऑर्डर लिहिणाऱ्याचा. जाळीदार तडे पूर्ण घेरावर असतील तर कोरडं चालणं, एका बाजूला किंवा पट्ट्यात असतील तर ग्राइंडिंग. काठावर टवके असतील तर चॅम्फर. पृष्ठभाग सगळीकडे सारखाच खरखरीत झाला आणि जाडी कमी झाली तर रसायनाने बाइंडर, म्हणजे दाणे धरून ठेवणारा कोबाल्ट, खाल्ला. खोबणी पडली पण कडा गुळगुळीत, तर ही साधी झीज. कोटिंगने आपलं आयुष्य जगलं, तक्रार करण्यासारखं काही नाही.

पर्यायांपैकी प्लाझ्माने मारलेलं क्रोमियम ऑक्साइड केमिकल पंपात बऱ्याचदा कार्बाइडपेक्षा सरस. ते स्वतः बहुतेक आम्लांना दाद देत नाही, पॅकिंगखाली सुरेख चालतं. पण छिद्रं २ ते ५ टक्के, सीलरशिवाय वापरायचंच नाही, आणि धक्का लागला की काचेसारखं तडकतं. त्याची खरी मेख खालच्या बाँड कोटमध्ये, म्हणजे धातू आणि सिरॅमिक यांना जोडणाऱ्या थरात आहे. सवयीने निकेल-ॲल्युमिनियमचा थर दिला जातो. आम्ल छिद्रांतून उतरून तो थरच खातं आणि वरचं सिरॅमिक धडधाकट असूनही सोलून निघतं. आम्लाला निकेल-क्रोम किंवा निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचा बाँड कोट लिहून मागा.

निकेल-क्रोम-बोरॉन-सिलिकॉन पावडर ज्वाळेने मारून वर १,००० ते १,१०० अंशांना वितळवून घट्ट बसवण्याची जुनी पद्धत अजून कालबाह्य नाही. धातूशी खरा जोड होतो, आरपार छिद्रं जवळजवळ राहत नाहीत, कठीणपणा ५० ते ६० रॉकवेल सी (कठीणपणाचं दुसरं माप), जाडी मिलिमीटरच्या वर सहज. खाऱ्या, गढूळ पाण्यात झीज आणि गंज दोन्ही असतील तर मी हीच आधी विचारात घेईन. किंमत मोजावी लागते ती तापमानाची: जॉब वाकतो, आधी दिलेलं हार्डनिंग जातं, आणि व्हर्मिक्युलाइटमध्ये पुरून सावकाश थंड न केल्यास तडे जातात. स्लीव्हला चालेल, लांब शाफ्टला नाही. परवान्याशिवाय हार्ड क्रोम करायला युरोपात २१ सप्टेंबर २०१७ पासून बंदी आली, ती क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या विषारीपणामुळे. निर्यातीचा माल असेल तर ग्राहकच एचव्हीओएफ लिहून पाठवतो.

गाळासाठी या कोटिंगची मोठी कसोटी हिमालयात लागते. सतलजवरच्या १,५०० मेगावॉटच्या नाथपा झाकरी प्रकल्पात क्वार्ट्झने भरलेला गाळ १३-४ स्टेनलेसचे (१३ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल) टर्बाइनचे भाग खाऊन टाकतो, म्हणून तिथे एचव्हीओएफ कार्बाइड वापरलं जातं. ते झीज थांबवत नाही, पुढे ढकलते आणि दुरुस्तीचं वेळापत्रक आपल्या हातात देते. मऊ धातू २०-३० अंशांच्या तिरक्या माऱ्याला जास्त झिजतो, ठिसूळ सिरॅमिक काटकोनातल्या माऱ्याला. कार्बाइड मधलं, तिरक्या माऱ्याला उत्तम. इंपेलरवर (पंपाच्या आतल्या चाकावर) कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात बुडबुडे होऊन फुटणं, होत असेल तर मात्र हे कोटिंग मारू नका. बुडबुडे फुटण्याच्या सततच्या आघाताने ते थकून तुकड्या-तुकड्यांनी निघतं. तिथे आधी सक्शनची उंची सुधारा, मग वेल्ड ओव्हरले बघा.

त्याच शॉपकडे किनाऱ्यावरच्या पंपाचा बेस, पाइप सपोर्ट, जिने यांचं काम देणार असाल तर कार्बाइडचे सगळे नियम उलटे होतात. तिथे आर्क गनने ॲल्युमिनियम किंवा जस्त ८५-ॲल्युमिनियम १५ ची तार मारतात. छिद्रं भरपूर असतात पण कोटिंग स्टीलपेक्षा आधी गंजून स्टीलला वाचवतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी घात होत नाही. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने १९५३ पासून समुद्रात आणि औद्योगिक हवेत ठेवलेल्या पट्ट्यांचा १९ वर्षांचा अहवाल १९७४ मध्ये काढला. ७५ ते १५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनियमने खालचं स्टील पूर्ण सुरक्षित ठेवल्याचं त्यात आहे. उत्तर समुद्रातल्या हटन प्लॅटफॉर्मवर १९८४ मध्ये सीलर दिलेलं असंच ॲल्युमिनियम वापरलं गेलं. यासाठी ब्लास्टिंग एसए ३ पर्यंत, म्हणजे पांढऱ्या धातूपर्यंत हवं. 'एसए अडीच पुरेल' म्हणणाऱ्याचा रंगकामाचा अनुभव दांडगा असेल, या कामाचा नाही.

पुन्हा स्लीव्हकडे. कोटिंग झिजल्यावर तीच स्लीव्ह परत पाठवता येते का? येते, पण आधी जुनं कार्बाइड पूर्ण उतरवावं लागतं. जुन्यावर नवं मारलं तर जोड तिथेच तुटतो. उतरवायला डायमंडने ग्राइंड करतात किंवा अल्कली आणि रोशेल सॉल्टच्या द्रावणात विद्युतप्रवाह सोडून विरघळवतात. दुसऱ्या पद्धतीत मूळ माप टिकतं, पहिल्या पद्धतीत व्यास थोडा कमी होतो आणि दर फेरीला कोटिंग तेवढं जाड मारावं लागतं. एचव्हीओएफ कार्बाइड ०.४ ते ०.५ च्या पुढे नेऊ नये, आतला ताण वाढून ते आपोआप सुटायला लागतं, म्हणून ०.८ मिलिमीटर खोबणी पडलेली स्लीव्ह 'भरून द्या' असं सांगणं म्हणजे निकामी कोटिंगची ऑर्डर देणं. १०० मिलिमीटरच्या आतल्या साध्या स्टेनलेस स्लीव्हला उतरवणं, पुन्हा ब्लास्ट आणि मास्किंग यांचा हिशेब नव्या तुकड्याच्या टर्निंगपेक्षा बहुतेक वेळा जास्तच येतो. तिथे नवीन स्लीव्ह बनवून कोट करा. डुप्लेक्स किंवा महागड्या मिश्रधातूची असेल तर उतरवून घ्या, आणि शॉपकडून उतरवल्यानंतरचा व्यास लेखी मागून घ्या, फवारणी सुरू व्हायच्या आधी.